माल तयार आहे, उचलणार कोण?

भोसरीत, अंबडला किंवा वाळूजला एखादं नवं इलेक्ट्रिकल उत्पादन आकाराला येतं तेव्हा ड्रॉइंग, डाय, सॅम्पल, टेस्टिंग या चक्रात मालकाची काही वर्षं आणि बहुतेक सगळी शिल्लक खर्ची पडलेली असते. माल पेट्यांत भरला गेला की मग आठवण होते ती विक्रीची, आणि वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात: ‘जिल्हानिहाय वितरक नेमणे आहेत.’ फोन येतात, नाही असं नाही. पण फोन करणाऱ्यांत नोकरी सोडून धंदा शोधणारे जास्त. ज्याच्याकडे खरोखर गोदाम आहे, टेम्पो आहे आणि तालुक्यातल्या पन्नास-साठ दुकानांत उधारी पसरलेली आहे, तो माणूस अशा जाहिराती वाचत बसत नाही. त्याच्याकडे रोज कुणी ना कुणी नवा माल घेऊन येतच असतं.

या सगळ्या प्रश्नात एक गैरसमज मुळाशी आहे, असं मला वाटतं. वितरक माल विकतो, अशी उत्पादकाची समजूत असते. प्रत्यक्षात वितरक माल साठवतो, पोचवतो आणि दुकानदाराला उधार देतो. दुकानात मागणी असेल तर ती तो भागवतो. मागणी उभी करणं हे त्याचं काम नव्हे, आणि त्याला मिळणाऱ्या मार्जिनमध्ये ते बसतही नाही. एवढं मान्य केलं की शोधाची दिशाच बदलते.

आपल्याकडच्या इलेक्ट्रिकल व्यापाराचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईची लोहार चाळ, पुण्यातली तपकीर गल्ली, दिल्लीचं भगीरथ पॅलेस या घाऊक बाजारांनी नुसता माल हलवला नाही, कंपन्याही जन्माला घातल्या. हॅवेल्सचे कीमत राय गुप्ता हे 1958 पासून दिल्लीत इलेक्ट्रिकल मालाचे व्यापारी होते. ज्या ब्रँडचा माल ते विकत होते तो हॅवेल्स हा ब्रँडच त्यांनी 1971 मध्ये विकत घेतला. पॉलिकॅबची मुळं 1964 मध्ये लोहार चाळीत सुरू झालेल्या सिंध इलेक्ट्रिक स्टोअर्स या दुकानात आहेत. पुण्याच्या फिनोलेक्सचे प्रल्हाद छाब्रिया आधी केबलचे दुकानदार होते, कारखानदार नंतर झाले. काउंटरवर काय मागितलं जातं, कुठला डीलर पैसे थकवतो, कुठल्या मालाची तक्रार परत येते, हे या मंडळींना कारखाना टाकण्याआधीच पाठ होतं. आज अभियंता-उद्योजकाची अडचण अशी की तो उलट्या बाजूने, कारखान्याकडून काउंटरकडे येतो.

अँकरची गोष्टही याच सूत्रातली. 1963 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे स्विच इतके दूरवर पोचले की खेड्यातल्या दुकानातही ‘अँकरचं बटण’ असंच मागितलं जाई. 2007 मध्ये जपानच्या मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, ही कंपनी ताब्यात घेतली. स्विच बनवता येत नव्हता म्हणून जपानी कंपनीने पैसे मोजले असं कुणी म्हणणार नाही. दुकानादुकानांत पोचलेलं जाळं मात्र तिला एका रात्रीत विणता आलं नसतं.

वितरक नवा माल का नाकारतो, हे त्याच्या वहीत डोकावल्याशिवाय कळत नाही. आकडे कल्पित घेऊ, पण हिशेब खरा आहे. समजा, एक वितरक नामवंत कंपनीचा महिन्याला 10 लाखांचा माल विकतो आणि त्याला फक्त 4 टक्के सुटतात. म्हणजे 40 हजार. टेम्पो, पोरगा, गोदाम यांचे 15 हजार वजा केले की हातात 25 हजार. गोदामात पंधरा दिवसांचा, म्हणजे 5 लाखांचा माल. दुकानांकडे महिन्याची उधारी 10 लाख. या दोन्हींतले मिळून 7 लाख कंपनीच्या उधारीवर. त्याचे स्वतःचे अडकले 8 लाख, वर्षाला सुटले 3 लाख. परतावा सदतीस टक्क्यांच्या वर.

आता तुमचं नवं उत्पादन घ्या. तुम्ही मोठ्या मनाने 12 टक्के देऊ केलेत. पण माल महिन्याला 50 हजारांचाच खपतो. सुटले 6 हजार, खर्च 4 हजार, उरले दोन. पहिल्या ऑर्डरचे 2 लाख गोदामात बसलेत, दुकानदारांकडे आणखी 75 हजार, आणि तुम्ही स्वतः रोखीने माल देताय. पावणेतीन लाख गुंतवून वर्षाला 24 हजार, म्हणजे नऊ टक्केसुद्धा नाहीत. यापेक्षा बँकेच्या ओव्हरड्राफ्टचं व्याज जास्त. मार्जिन तिप्पट देऊनही सौदा त्याला तोट्याचा आहे, आणि हे तो कागदावर न मांडता तोंडीच सांगतो: ‘साहेब, माल फिरत नाही.’

‘फिरणं’ वाढवायचं तर टक्के वाढवून उपयोग नाही. पहिली ऑर्डर छोटी ठेवावी लागते, न खपलेला माल परत घेण्याची लेखी हमी द्यावी लागते, आणि दुकानातून मागणी आपल्या माणसाने काढून आणावी लागते. औषधांच्या आणि साबणाच्या कंपन्या हे पूर्वीपासून करत आल्या आहेत. कंपनीचा सेल्समन दुकानं फिरून ऑर्डर घेतो आणि वितरकाच्या हातात देतो. वितरकाला दारात आलेली ऑर्डर नको असते असं कधी ऐकलेलं नाही.

अर्थात सगळ्या विजेच्या वस्तू एकाच दुकानातून जात नाहीत, आणि इथे फार जण चुकीच्या दारात उभे राहतात. होल्डर, स्विच, एक्स्टेंशन बोर्ड हा माल गल्लीतल्या इलेक्ट्रिकल दुकानाचा. पण कारखान्यात लागणारा कॉन्टॅक्टर किंवा रिले तुम्ही बनवला असेल तर दुकानदार हा तुमचा माणूसच नाही. तिथे निर्णय घेतो कन्सल्टंट, जो टेंडरमध्ये ‘मान्य बनावटींची यादी’ लिहितो, आणि पॅनल बिल्डर, जो त्या यादीतलं सोयीचं नाव निवडतो. मोठ्या स्विचगिअर कंपन्यांचे स्टॉकिस्ट बांधलेले असतात. नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात नव्या उत्पादकाला आत शिरण्याची वाट बहुधा छोट्या पॅनल बिल्डरकडूनच सापडते, कारण त्याला वेळेवर डिलिव्हरी आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस हवा असतो. मोठी कंपनी त्याला या दोन्हीत रांगेत उभं करते.

शेतीपंपाशी जोडलेल्या वस्तूंचं गणित आणखी वेगळं. मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ हे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं उत्पादन याच जातीचं. रात्री-अपरात्री वीज येते, विहीर दूर, वाटेत साप-विंचू. गरज शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पण असं यंत्र विकायचं कुणी? स्विच-वायरच्या दुकानदाराला स्टार्टरची जोडणी दाखवता येत नाही. अशा वस्तूचा खरा काउंटर म्हणजे तालुक्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार घेऊन शेतकरी तिथे येतो, चहा पितो, आणि पुढच्या वेळी मोटार जळू नये म्हणून काय लावावं हे त्याच माणसाला विचारतो. रिवाइंडिंगवाल्याच्या शब्दाला जे वजन आहे ते कुठल्याही रंगीत पत्रकाला नाही. त्याला एक संच फुकट लावून द्यावा आणि पावसाळा जाऊ द्यावा. टिकला तर तोच बोलेल.

शहरात हीच जागा वायरमनची. घर बांधणारा माणूस दुकानात येतो तो हातात वायरमनची चिठ्ठी घेऊन, आणि चिठ्ठीवर वस्तूच्या आधी कंपनीचं नाव असतं. म्हणून मोठ्या कंपन्या पेटीत क्यूआर कूपन घालतात, वायरमनच्या खात्यात पॉइंट जमा होतात, दिवाळीला ड्रिल मशीन मिळतं. नव्या उत्पादकाला या स्पर्धेत पैशाने जिंकता येत नाही. त्याने वायरमनचा वेळ वाचवावा. टर्मिनलचा स्क्रू सहज हाताला यावा, पेटीवर जोडणीचं चित्र मराठीत असावं, बोर्डात बसताना भिंत फोडावी लागू नये. उत्पादनाच्या रचनेतच अर्धी विक्री असते. ती डिझाइनच्या टेबलावर ठरते, डीलरच्या मीटिंगमध्ये नाही.

अलीकडच्या काळात या सगळ्याचा सर्वात बोलका दाखला म्हणजे बीएलडीसी पंखा. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी 2012 मध्ये ॲटमबर्ग ही कंपनी काढली आणि 2015 मध्ये कमी विजेचा छताचा पंखा बाजारात आणला. साधा पंखा साधारण 75 वॉट खातो, हा 28. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर फरक जवळपास 170 युनिटचा. युनिट आठ रुपये धरलं तरी साडेतेराशे रुपये वाचतात. हिशेब इतका सरळ असताना दुकानदारांनी उड्या मारायला हव्या होत्या. तसं झालं नाही, आणि त्याची कारणं ज्याने काउंटरवर एक दुपार काढली आहे त्याला लगेच सुचतील.

एक तर किंमत साध्या पंख्याच्या दुपटीच्या आसपास. दुसरं, पंखे घाऊक घेतो तो बिल्डर किंवा कंत्राटदार, आणि वीजबिल भरतो नंतर राहायला येणारा. वाचणारे पैसे ज्याच्या खिशात जाणार तो खरेदीच्या वेळी दुकानात नसतोच. तिसरं, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर या पंख्याला चालत नाही. रिमोट आला, आणि रिमोट म्हणजे हरवणं, सेल संपणं, सासूबाईंना न समजणं. चौथी गोष्ट दुकानदाराच्या दृष्टीने सर्वात मोठी: साधा पंखा बिघडला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक कपॅसिटर बदलून देतो, यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड, म्हणजे पंखा परत काउंटरवर येणार.

ॲटमबर्गने म्हणून आधी दुकानाची वाट धरलीच नाही. सुरुवातीची विक्री संस्था आणि कंपन्यांना होती, जिथे पंखे घेणारा आणि बिल भरणारा एकच असतो. मग ऑनलाइन, जिथे ग्राहक वॉटचा आकडा स्वतः वाचतो आणि हिशेब स्वतः करतो. ‘तो कमी विजेचा पंखा आहे का?’ असं गिऱ्हाईक विचारू लागल्यावर दुकानांचं जाळं विणायला घेतलं. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकन सक्तीचं झालं तेव्हा प्रस्थापित कंपन्याही याच तंत्राकडे जोरात वळल्या. नव्या कंपनीने मागणी आधी आणि वितरक नंतर हा क्रम पाळला. तो उलटा केला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात परत आलेल्या पंख्यांनी गोदाम भरलं असतं, असा माझा अंदाज आहे.

सरकारच वितरक झालं तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक विकत घेऊन वीज कंपन्यांच्या मदतीने थेट ग्राहकांना दिले. 2014 मध्ये सुमारे 310 रुपयांना खरेदी होणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला. ग्राहकाचं भलं झालं, एलईडी घराघरांत पोचला. पण खरेदीचे मोठे आकडे पेलू न शकणाऱ्या छोट्या उत्पादकाला त्या किमतीत श्वास घेणं कठीण होतं. सरकारी जेम पोर्टलवर 2016 पासून छोट्यांनाही दार उघडं आहे. तिथे विकायला हरकत नाही. मात्र तिथली किंमत उद्या तुमच्या डीलरच्या मोबाइलवर दिसेल, एवढं धरून चालावं.

आता कागद. वितरक भेटीत पहिला प्रश्न ‘आयएसआय आहे का?’ असाच विचारतो, आणि तो औपचारिक नसतो. स्विच, सॉकेट, वायर, एमसीबी यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, एलईडी दिव्यांना नोंदणी सक्तीची आहे. चिन्हाविना माल पकडला गेला तर छापा पडतो तो साठवणाऱ्याच्या गोदामावरही. बंगळुरूची सीपीआरआय, बडोद्याची एर्डा अशा प्रयोगशाळांचा चाचणी अहवाल हा डीलरला दाखवण्याचा सर्वात उपयोगी कागद. त्याला तांत्रिक तपशील कळो न कळो, शिक्का कळतो. ज्या वस्तूसाठी अजून सक्तीचं मानकच नाही, तिच्यासाठी तर हा अहवाल आपणहून करून घ्यावा. आणि काही नवी युक्ती असेल तर दाखवायच्या आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करून ठेवावा; पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. आधी प्रदर्शनात मांडून मग अर्ज करणाऱ्यांचं नावीन्य त्यांनी स्वतःच चव्हाट्यावर घालवलेलं असतं.

प्रदर्शनाचा विषय निघालाच आहे म्हणून: ईमा ही उत्पादकांची संघटना दर दोन वर्षांनी ग्रेटर नोएडात इलेक्रामा भरवते. बारकाईने पाहून यायला ते उत्तम आहे. पण पहिल्या उत्पादनासाठी तिथे स्टॉल घेऊन देशभरातली व्हिजिटिंग कार्डं गोळा करणं मला पटत नाही. गुवाहाटीचा माणूस पाच पेट्या मागवेल, एक खराब निघेल, ती बदलून द्यायला वाहतुकीचा खर्च नफ्याहून मोठा होईल. व्ही-गार्डचे कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी 1977 मध्ये कोचीत व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायला घेतले आणि कंपनी कितीतरी काळ दक्षिणेतच पाय रोवून राहिली. देशभर जायची घाई नव्हती, कारण विजेचा दाब कमी-जास्त होणारी घरं हाकेच्या अंतरावर होती. आपल्याकडेही एक जिल्हा पुरेसा आहे. सांगलीतला माल बिघडला तर दुसऱ्या दिवशी आपला माणूस तिथे पोचतो, ही खात्री दिली की डीलर ऐकतो.

त्या एका जिल्ह्यात काय करायचं? वितरकाच्या आधी दुकानं फिरायची. वीस-पंचवीस दुकानांत दोन-दोन नग ‘पसंत पडल्यास’ तत्त्वावर ठेवायचे. जीएसटीत अशा मालाला सहा महिन्यांची मुदत मिळते. विक्री झाली तेव्हा किंवा मुदत संपली तेव्हा, जे आधी असेल तेव्हा बिल करावं लागतं. त्यामुळे चलन नीट ठेवायचं, आणि चार महिन्यांनी पुन्हा फिरायचं. जिथून दुसऱ्यांदा मागणी आली ती दुकानं वेगळी काढायची. मग त्या दुकानदारांना विचारायचं: ‘शेठ, तुम्हाला माल कुणाकडून येतो? कुणाचा टेम्पो वेळेवर असतो?’ दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या सर्वात मोठ्याकडे जाऊ नये. त्याच्याकडे दहा कंपन्या आहेत, तुमची पेटी शिडीखाली जाईल. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा, ज्याचा मुलगा नुकता धंद्यात आला आहे आणि ज्याला स्वतःचं काहीतरी हवं आहे, तो धरावा. त्याच्यासमोर जाताना कॅटलॉग मागे ठेवून दुसऱ्यांदा आलेल्या ऑर्डरींची यादी पुढे करावी.

पैशाबद्दल थोडं कडू बोलायला हवं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं 2006 चा कायदा सांगतो; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2024-25 च्या कर-निर्धारण वर्षापासून आयकरातही असं झालं की, वेळेत न दिलेली ही रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण जिल्ह्यातल्या एकुलत्या एका वितरकावर तक्रार गुदरणारा उत्पादक मी तरी पाहिलेला नाही. तक्रारीच्या दिवशीच धंदा संपतो. म्हणून सुरुवातीला उधारी कमी आणि माल परत घेण्याची सोय जास्त, असं समीकरण बरं. माल परत आला तर तो दुसरीकडे जाईल. थकलेले पैसे कुठेच जात नाहीत. दुबई-बँकॉकच्या सहलींचं आमिष तर नकोच. 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20 हजारांच्या वरच्या अशा लाभांवर दहा टक्के करकपात करावी लागते, आणि सहल मिळावी म्हणून मार्चमध्ये गोदामात कोंबलेला माल मे महिन्यात परत येतो.

ऑनलाइन किंमत हा सध्याचा सगळ्यात नाजूक मुद्दा. दुकानदार 900 ला विकतो ती वस्तू मोबाइलवर 760 ला दिसली की तो वितरकाला फोन करतो, वितरक तुम्हाला. ‘अमुक किमतीखाली विकू नका’ असा दंडक घालण्याचा मोह होतो. पण डीलरच्या सवलतींवर बंधन घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड केला होता. छोट्या कंपनीकडे आयोग लगेच वळेल असं नाही, तरी वाट चुकीचीच. दुकानासाठी आणि ऑनलाइनसाठी मॉडेल वेगळी ठेवणं हा जास्त सोपा उपाय, बरेच जण तो करतातही.

राहता राहिला करार. वितरकाला पूर्ण जिल्हा हवा असतो, तोही एकट्याला. द्यायला हरकत नाही, पण एका वर्षापुरता आणि किमान खरेदीच्या अटीवर; करार मोडला तर शिल्लक माल कुठल्या दराने परत घेणार हेही त्यातच लिहावं. तुमचं उत्पादन चाललं की दीड-दोन वर्षांत त्याच्यासारखं दुसरं येतं, आणि ते आणणाऱ्याला पहिला फोन तुमच्याच वितरकाचा जातो, कारण ती मागणी त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असते. करार संपल्यावर त्याने तसा माल विकू नये ही अट भारतीय करार कायद्याच्या 27 व्या कलमापुढे टिकत नाही. त्याला तुमच्यासारखा माल विकता येईल. तुमच्या नावाने विकता येऊ नये. वस्तूचं नाव आणि चिन्ह यांची नोंदणी पहिली पेटी जिल्ह्याबाहेर जायच्या आत स्वतःच्या नावाने करून ठेवावी, आणि ‘मी करून देतो, माझ्या ओळखीचा वकील आहे’ असं वितरक म्हणाला तर त्याला नम्रपणे नाही म्हणावं.